सगळा वर्गच सशांचा!

जानेवारी उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत चिनी वर्षफल झळकू लागते. जन्मवर्षावरून बारांपैकी आपला प्राणी शोधायचा आणि स्वभाव वाचून मोकळे व्हायचे. कालगणना म्हणून या चक्राशी आमचे भांडण नाही. गुरूच्या प्रदक्षिणेला ११.८६ वर्षे लागतात. चीनमध्ये वर्षे मोजायला प्राचीन काळी तिचा आधार घेतला गेला आणि आपली साठ संवत्सरेही गुरूच्याच गतीशी जोडलेली आहेत. भांडण आहे ते स्वभावाबद्दल.

त्याचा उत्तम पुरावा शिक्षकांच्याच कपाटात असतो. पिंपरी, भोसरी किंवा चाकणच्या कोणत्याही शाळेचे जनरल रजिस्टर उघडा. इयत्ता वयावरून ठरत असल्याने एका वर्गातली बहुतेक मुले एकाच किंवा लागोपाठच्या दोन प्राण्यांची निघतात. ३ फेब्रुवारी २०११ ते २२ जानेवारी २०१२ या काळात जन्मलेले सगळे ससे. म्हणजे सौम्य, भांडण टाळणारे. मधल्या सुट्टीत असा वर्ग कोणी पाहिला असल्यास आम्हाला जरूर कळवावे! शिवाय शके १९३३ चे आपले संवत्सर होते 'खर', आणि खर म्हणजे गाढवही. एकच मुलगा चिनी हिशेबाने ससा आणि आपल्या पंचांगाने गाढव!

वर्गात प्रयोग करून पाहा. प्राण्यांची नावे झाकून बाराही वर्णने वाचायला द्या आणि ज्याला त्याला स्वतःचे वर्णन निवडू द्या. मात्र एकाच वर्गावर थांबू नका. सशाचे वर्णन गोड असेल तर ते कोणीही उचलेल. दुसऱ्या प्राण्याच्या वर्षी जन्मलेल्या वर्गातही तितक्याच मुलांनी ते उचलले, तर जन्मवर्षाचा संबंध उरला कुठे?

याला निव्वळ करमणूक म्हणून सोडून देता येत नाही. १९६६ हे 'अग्नि-अश्वा'चे वर्ष. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते, ही जपानमधली समजूत. तिथे १९६५ मध्ये सुमारे १८ लाख २४ हजार बालके जन्मली, १९६६ मध्ये १३ लाख ६१ हजार, आणि १९६७ मध्ये पुन्हा १९ लाख ३६ हजार. आपल्याकडे मंगळाच्या मुलीचे लग्न अडते ते याच तर्काने. साठ वर्षांच्या चक्रात अग्नि-अश्वाची पुढची पाळी २०२६ ची.