संगणकीय समाजप्रतिरूपांतील व्यक्ती

२०२० साली मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मुंबई शहराचे एक संगणकीय प्रतिरूप सिद्ध केले. सुमारे सव्वा कोटी रहिवाशांपैकी प्रत्येकास त्यात स्वतंत्र स्थान होते. वय, घर, शाळा अथवा कामाचे ठिकाण हे सर्व नेमून दिलेले होते. स्वभाव मात्र नव्हता. झोपडपट्टीतील ४० टक्के व इतरत्र ६० टक्के कुटुंबे निर्बंध पाळतील, एवढेच गृहीत धरले होते. एका चुलीवरची माणसे एका मनाची असतात, हे कोणते घर मान्य करील? साथीचा अंदाज बांधण्यास तेवढे पुरेसे होते, हेही खरे.

ही उणीव भरून काढण्यासाठी प्रत्येक व्यक्तीस बहिर्मुखता, सौजन्य इत्यादी पाच गुणांचे आकडे देण्याची रीत काही अभ्यासक अवलंबितात. या गुणांचे मूळ शब्दकोशात आहे, ही गोष्ट सहसा विसरली जाते. ऑलपोर्ट व ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी कोशातून माणसामाणसांतील भेद दर्शविणारे सुमारे १८,००० शब्द वेचले; पुढील संशोधकांनी अशाच शब्दसंग्रहांतून आटवीत आटवीत पाच गुण काढले. म्हणजे संगणकातील मनुष्य कोठलाही असो, त्याचा स्वभाव प्रथम इंग्रजीत मोजला गेलेला असतो.

मराठीतील ‘भीड’ या मापात कशी बसावी? वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजासारख्या गावाचे प्रतिरूप करावयाचे झाल्यास हा प्रश्न टाळता येणार नाही. पारावर फटकळ म्हणून ओळखला जाणारा गडी सासऱ्यापुढे, सावकारापुढे मान खाली घालतो. त्याचा फटकळपणा किती, असे विचारण्यात अर्थ नाही. कोणापुढे, असेच विचारावे लागते. भीड ही एकाच्या अंगी नसते, ती दोघांच्या मधे असते. नवे बियाणे घ्यावे की नाही, हे घरात कोण बोलणार आणि कोण गप्प बसणार, ते तिच्यावर ठरते. आणि अशा प्रतिरूपांवरून गावाच्या योजना ठरू लागल्या, तर गप्प बसणाऱ्याची संमतीच गृहीत धरली जाईल.

पाच हजार वस्ती धरली तर माणसांच्या जोड्या सुमारे सव्वा कोटी होतात, म्हणजे मुंबईच्या प्रतिरूपातील माणसांइतक्याच. तेव्हा अडचण यंत्राची नव्हे. कोण कोणास ‘तू’ म्हणतो, कोणास ‘तुम्ही’, आणि कोणाचे नावच घेत नाही, याची नोंद गावोगाव जाऊन करावयास हवी.