‘लोकसेवक’ आणि ‘विशेषाधिकार’ : दोन संज्ञांची चिकित्सा

कर्नाळा हे नाव पूर्वी किल्ल्यामुळे आणि त्याच्या पायथ्याच्या पक्षी-अभयारण्यामुळे ओळखले जाई. अलीकडच्या काळात ते न्यायालयीन कागदपत्रांतही शिरले आहे. पनवेल येथील कर्नाळा नागरी सहकारी बँकेच्या व्यवहारांबाबत २०२० मध्ये गुन्हा नोंदविला गेला. जून २०२१ मध्ये बँकेचे माजी अध्यक्ष व माजी आमदार विवेकानंद पाटील यांना सक्तवसुली संचालनालयाने अटक केली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेचा परवाना रद्द केला. आरोपांच्या सत्यासत्यतेचा निर्णय न्यायालयाने करावयाचा आहे. तो या लेखाचा विषय नव्हे. परंतु अशा प्रसंगी जी एक समजूत सर्वत्र ऐकू येते, ती मात्र भाषाभ्यासकाने तपासून पाहावी अशी आहे. आमदाराला विशेषाधिकार असतो, सबब त्याला हात लावता येत नाही, ही ती समजूत होय. अटकेच्या वेळी पाटील आमदार नव्हते, आणि ते आमदार असते तरी फौजदारी अटकेपासून त्यांना कोणतेही संरक्षण लाभले नसते. अधिवेशनाच्या मागेपुढे चाळीस दिवस अटक होऊ नये हा नियम केवळ दिवाणी प्रकरणांपुरता आहे. फौजदारी प्रकरणात अध्यक्षांना अटकेची वर्दी द्यावी लागते, एवढेच. मग ही समजूत आली कोठून?

तिचे एक मूळ ‘हक्कभंग’ या वृत्तपत्री शब्दात आहे, असे म्हणावे लागते. ‘हक्क’ म्हटला की त्याचा कोणीतरी धनी असतो. वतनाचा हक्क, वारसाचा हक्क, कुळाचा हक्क अशी या शब्दाची मराठीतील परंपरा आहे. त्यामुळे ‘आमदाराचा हक्कभंग झाला’ असे वाचताच तो हक्क त्या गृहस्थाच्या मालकीचा आहे असा ग्रह होतो. संविधानाच्या अनुच्छेद १९४ मधील विशेषाधिकार मात्र मूलतः सभागृहाच्या कामकाजासाठी आहे. सदस्याकडे तो त्या कामाच्या ओघात येतो. मराठीतील ‘विशेषाधिकार’ हा शब्द शासकीय व्यवहारात रूढ असूनही तो ‘हक्कभंगा’ला हटवू शकला नाही. संज्ञा घडविणारे विद्वान आणि संज्ञा वापरणारा समाज यांच्यातील हे जुनेच अंतर आहे.

या दोन अर्थांची गल्लत न्यायालयात किती दूरवर नेता येते याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण याच जिल्ह्याच्या एका पुत्राच्या खटल्यात सापडते. बॅरिस्टर अ. र. अंतुले हे मुख्यमंत्री असताना कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. आमदारकी मात्र कायम होती. त्यांच्याविरुद्ध रामदास नायक यांनी दाखल केलेल्या फिर्यादीत बचावपक्षाने असा मुद्दा मांडला की, आमदार हा भारतीय दंड संहितेच्या कलम २१ मधील ‘लोकसेवक’ असून त्याच्यावर खटला चालविण्यास पूर्वमंजुरी हवी. २५ जुलै १९८३ रोजी विशेष न्यायाधीशांनी हा मुद्दा मान्य करून आरोपीस मुक्त केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेले आणि १६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. डी. ए. देसाई यांनी निकालपत्र दिले.

या निकालपत्राचा पुष्कळसा भाग म्हणजे शब्दार्थाची मीमांसाच आहे. कलम २१ च्या बाराव्या खंडात सरकारच्या ‘सेवेत किंवा वेतनावर’ असलेली व्यक्ती लोकसेवक मानली होती. आमदाराला वेतन मिळते, म्हणून तो लोकसेवक, असा युक्तिवाद होता. न्यायालयाने ‘किंवा’ या अव्ययाचे विकल्पार्थी बळ मान्य केले. सेवेत नसलेला मनुष्यही वेतनावर असू शकतो हे कबूल करूनच त्याने विचारले, वेतन कोणाचे? ‘सरकार’ या शब्दाचा अर्थ येथे कार्यकारी सत्ता असा आहे. आमदाराचे वेतन विधिमंडळाने केलेल्या कायद्याने ठरते, आणि त्याचे काम कार्यकारी सत्तेवर अंकुश ठेवण्याचे. ज्याच्यावर अंकुश ठेवावयाचा त्याच्याच वेतनावर तो आहे असे म्हणता येणार नाही. निकालपत्राचा हा भाग निर्दोष वाटतो.

याहून रंजक आहे तो सातव्या खंडाचा वाद. ज्याला आपल्या पदामुळे कोणास स्थानबद्ध करण्याचा अधिकार आहे तो लोकसेवक, असे तो खंड सांगे. बचावपक्षाचे म्हणणे असे की, विशेषाधिकाराचा भंग करणाऱ्यास सभागृह तुरुंगात पाठवू शकते; आमदार सभागृहाचा घटक; म्हणून आमदारास स्थानबद्ध करण्याचा अधिकार आहे. विशेषाधिकाराचा आधार घेऊन खटल्याच्या वाटेत मंजुरीचा अडसर उभा करण्याचा हा प्रयत्न होता. न्यायालयाने तो फेटाळला. अधिकार सभागृहाचा आहे, सदस्याच्या पदाचा नाही. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर समुदायाचे विधेय अवयवाला लावता येत नाही. ‘मावळ्यांनी कर्नाळा घेतला’ या वाक्यावरून ‘प्रत्येक मावळ्याने कर्नाळा घेतला’ असे अनुमान निघत नाही. न्यायालयाने हा भेद व्याकरणाचे नाव न घेता, परंतु अचूक केला.

मंजुरीसंबंधीचा निर्णयही याच धाटणीचा आहे. ज्या पदाचा दुरुपयोग झाला असा आरोप आहे, ते पद सुटल्यावर मंजुरीची गरज उरत नाही. आरोपी नंतर दुसऱ्या कोणत्या पदावर आहे हा प्रश्न गौण होय. १९८४ च्या निकालाने खटला मुंबई उच्च न्यायालयाकडे वर्ग केला होता. तो आदेश १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने पाच विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. ती सुधारणा न्यायपद्धतीची होती.

एक आक्षेप मात्र नोंदविला पाहिजे, आणि तो न्यायालयापेक्षा मराठी परिभाषेवर आहे. कलम २१ च्या संज्ञेसाठी ‘लोकसेवक’ हा प्रतिशब्द निवडताना सेव्य कोण हे बदलून गेले. संहितेतील अनेक खंडांचा रोख सरकारच्या नोकराकडे होता. त्या अर्थाने जुन्या बोलीतील ‘सरकारी नोकर’ अधिक नेमका होता. ‘लोकसेवक’ म्हटल्यावर निवडणुकीत स्वतःस लोकांचा सेवक म्हणविणारा आमदार लोकसेवक नाही, हे वाक्य मराठीत विनोदी ठरते. सामान्य वाचकाला हा निकाल तांत्रिक पळवाट वाटला असेल, तर त्या गैरसमजाचा काही वाटा अनुवादकांकडे जातो.

या शब्दाला पुढे १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाने नवा आशय दिला. सार्वजनिक कर्तव्य पार पाडण्याचे पद धारण करणारी व्यक्ती त्यात लोकसेवक ठरली. नरसिंह राव प्रकरणी १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासदारास या व्याख्येत बसविले. परंतु त्याच निकालात बहुमताने असेही ठरविले की, लाच घेऊन मतदान करणाऱ्या सदस्यास मतदानाच्या संदर्भातील संरक्षण लाभते. अनुच्छेद १०५ मधील ‘संबंधात’ या अर्थाच्या पदावली इतकी ताणली गेली की, मताशी दूरान्वयाने जोडलेली लाचही तिच्या कक्षेत आली. परिणाम विलक्षण झाला : पैसे घेऊन मत देणारा सुटला आणि पैसे घेऊन मत न देणारा अडकला. लाचेचा गुन्हा स्वीकाराच्या क्षणी पूर्ण होतो, मत पुढे काय पडले याच्याशी त्याचा संबंध नाही, हे सांगावयास ४ मार्च २०२४ उजाडावे लागले. सीता सोरेन प्रकरणी सात न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने १९९८ चे ते मत रद्द केले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या या निकालपत्रात विशेषाधिकाराची कसोटी सभागृहाच्या सामूहिक कार्याशी आणि सदस्याच्या कर्तव्याशी असलेल्या अनिवार्य संबंधाची आहे. १९६४ मध्ये केशवसिंह प्रकरणी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या पीठाने विधिमंडळाच्या विशेषाधिकारालाही संविधानाची मर्यादा आहे असे मत दिले होते. ती परंपरा येथे पुढे चालली आहे.

‘लोकसेवक’ या संज्ञेची स्थिती मात्र आजही द्विधा आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि तिने कलम २१ ची जुनी व्याख्या बव्हंशी जशीच्या तशी घेतली. १९८८ च्या अधिनियमातील व्यापक व्याख्याही कायम आहे. एकाच मराठी शब्दाखाली दोन आशय नांदत आहेत, आणि त्यांपैकी एकातच आमदार येतो.