दगडावरचे परके हात

आपल्याकडच्या आरंभीच्या बौद्ध शिल्पस्थापत्याविषयी एक मत दीडशे वर्षे जसेच्या तसे सांगितले जाते: हे सारे लाकडाचे अनुकरण. जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांचा लेण्यांवरचा ग्रंथ १८८० साली आला. भाज्याचे आत कललेले खांब दाखवायचे आणि दगडाला अजून स्वतःची भाषा सापडली नव्हती असे म्हणायचे, हा शिरस्ता तेव्हापासूनचा. निरीक्षण चुकीचे नाही. लाकडी मांडवात छपराचा रेटा पेलायला खांब कलते ठेवतात; अखंड कातळात त्याचे काही कारण नाही. पण अनुकरण म्हटले की एक तयार पाथरवट आपण गृहीत धरतो, आणि तो शेजारच्या सुताराची नक्कल करत बसला होता असे मानतो. शिलालेखांत तसे चित्र दिसत नाही.

सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर लिहिले आहे की इथले कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी केले. पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराची नोंद आहे. ही मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार धेनुकाकटच्या सामी या सुताराने केले, असे दारापाशीच कोरले आहे. म्हणजे लाकूड, दात आणि सोने हाताळणारी माणसेच दगडाकडे वळली होती. त्यांनी नक्कल केली नाही, आपला हात तेवढा नव्या वस्तूवर चालवला.

हे मान्य केले की बरीच कोडी सैल होतात. भारहुतचे कठडे (कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत) खाच आणि कूस बसवून जोडलेले आहेत, आणि त्यांवरची माणसे फळीवर कोरावीत तशी चपटी. सांचीत पृष्ठभाग एकदम दाटतो. इंचभर जागा मोकळी सोडायची नाही, माणसामागे माणूस, पानामागे पान, ही दातावर काम करणाऱ्याची नजर. अर्थात एका लेखावरून चारही तोरणे विदिशेच्या नावे लावणे हा उतावळेपणा होईल, आणि तो झालेलाही आहे.

सह्याद्रीत गोष्ट वेगळी, कारण आपला काळा दगड तेवढी बारीक नक्षी धरत नाही. तिथे नाजूकपणा सोडून आकारमानाकडे जावे लागते. शिवाय चुकलेला भाग काढून दुसरा बसवण्याची सोय नाही. छतापासून खाली येत कोरायचे आणि जे उरेल तेच लेणे. कोंडाण्याच्या लेण्यात कण्हाचा शिष्य बलक याने नाव कोरून ठेवले आहे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. अशा कामाची जबाबदारी मोठी असते.

कार्ल्यात हे सगळे एकत्र आले. इ.स. पहिल्या शतकातले हे चैत्यगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचा दावा वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने दर्शनी भागातच नोंदवला आहे. जाहिरात म्हणून वाचले तरी तो फारसा खोटा ठरत नाही. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, त्यांवर हत्तींवर बसलेली जोडपी. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे अष्टकोनी. भक्ताची नजर जिथे रेंगाळू नये तिथे नक्षीला आवर घातला आहे. ओसरीतली मिथुने तर त्या काळातली आपल्याकडची सर्वोत्तम मानवी शिल्पे म्हणावीत: भरदार खांदे, दगडाचे वजन अंगात मुरलेले, तरी उभे राहण्यात सैलपणा. पुढे काही शतकांनी त्यांच्या मधल्या जागेत बुद्धमूर्ती घुसवल्या गेल्या. श्रद्धा समजते, रचना मात्र बिघडली.

आणि वर पाहावे तर गजपृष्ठाकृती छताला खऱ्या लाकडाच्या कमानी जडवलेल्या. भार त्या काहीच पेलत नाहीत. दगडात जमत नव्हते म्हणून लाकूड वापरले, हे उत्तर इथे टिकत नाही. त्याआधीच अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात बाजूच्या पडवीतल्या फासळ्या दगडात कोरल्या होत्या, आणि मधल्या दालनाला लाकडीच दिल्या होत्या. निवड जाणूनबुजून केलेली होती. सभागृह म्हणजे काय, याची ओळख लाकडी छतानेच पटत असावी, असे मला वाटते. पुरावा मात्र छतापुरताच.

कान्हेरीचे तिसरे लेणे शतकभराने आले. आराखडा कार्ल्याचाच, ओसरीत तशीच जोडपी. पण अंगे ताठ झाली, दागिने वाढले, चेहऱ्यावरचा भाव गेला. आतल्या खांबांपैकी बरेचसे कोरायचेच राहिले. पैसा आटला असेल, हे कारण खांबांना लागू पडते. पूर्ण झालेल्या जोडप्यांना नाही. कान्हेरीच्या लेखात शेलवढकी, म्हणजे खास दगडकाम करणारे, आणि घासून गुळगुळीत करणारे मिठिक अशी कारागिरांची फोड येते. पाथरवटाचा धंदा आता स्वतंत्र उभा राहिला होता. हे काम बघताना त्यांच्यासमोर हस्तिदंत किंवा सागवान होते असे वाटत नाही, कार्ले होते.