डब्याची कडी आणि सोन्याची अंगठी

मॅकेन्झी क्रूक यांची ‘डिटेक्टरिस्ट्स’ ही बीबीसी मालिका (२०१४-२०२२) मेटल डिटेक्टर घेऊन इंग्लंडमधील शेते धुंडाळणाऱ्या दोन मित्रांची आहे. त्यांना सोन्याऐवजी बहुधा शीतपेयांच्या डब्यांच्या कड्याच सापडतात. यात विनोदाबरोबर भौतिकीही आहे. यंत्राच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात. ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची लहानशी अंगठी यांचा प्रतिसाद पुष्कळदा सारखाच येतो. कड्या गाळायच्या ठरवल्या, तर अंगठीही गळण्याची भीती! महागडे यंत्रही यातून पूर्णपणे सुटत नाही. मालिका हे समजावत बसत नाही. ते काम शिक्षकांचे. मालिका पाहून यंत्र घेणाऱ्याने मात्र किमतीआधी वजन पाहावे. ते तासन्‌तास हातात धरून फिरवायचे असते.