‘संकर’ प्रयोगाविषयी

‘तू पोथी वाचलीस’ या वाक्यातील प्रयोगास आपली व्याकरणाची पुस्तके कर्तृकर्मसंकर म्हणतात. मो. के. दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’स (१९११) शतक उलटून गेले, तरी हे नाव टिकून आहे. आम्हांस ते खटकते. त्यात भेसळीचा वास येतो. ‘तू पोथ्या वाचल्यास’ आणि ‘तुम्ही पोथी वाचलीत’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. कर्माचे वचन बदलताच ‘ली’चे ‘ल्या’ होते, कर्त्याचे बदलताच अंत्य ‘स’चा ‘त’ होतो. एकाचा दुसऱ्यास उपसर्ग नाही. दोन्ही संबंध क्रियापद स्वतंत्रपणे सांभाळते. हा संकर कसला? खरी अडचण प्रथमपुरुषाची आहे. ‘मी पोथी वाचली’ येथे क्रियापदावर कर्त्याची खूण उमटतच नाही. ती द्वितीयपुरुषातच का उमटावी, हा प्रश्न ‘संकर’ म्हणून मोकळे होणाऱ्या वैयाकरणास पडत नाही.