पिपाणी, तुतारी आणि ट्रम्पेटचं तोंड

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत बारामती मतदारसंघात ट्रम्पेट गावोगाव पोचला. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’. एका अपक्ष उमेदवाराला मिळालेलं चिन्ह होतं ट्रम्पेट, आणि आयोगाच्या मराठी यादीत त्याचंही नाव ‘तुतारी’च होतं. तक्रारी झाल्या, बातम्या झाल्या. बोलताना लोक त्याला ‘पिपाणी’ म्हणू लागले. म्हणजे बारामतीपासून इंदापूरपर्यंत वरातीच्या पुढं जे वाद्य पिढ्यानपिढ्या वाजतं आहे, त्याला मराठीत धड नाव नाही हे त्या निमित्तानं कळलं. पिपाणी जत्रेत पोरांना घेऊन देतात ती. तुतारीला झडपा नसतात, त्यामुळे तिच्यात मोजकेच सूर निघतात. ट्रम्पेटला तीन झडपा असतात आणि त्यांच्या जोरावर त्यात सगळे सूर सापडतात. पण सगळा वाद चित्र कसं दिसतं यावर झाला. वाद्य कसं ऐकू येतं, हा प्रश्न मतदानयंत्रापुढं पडायचं कारण नव्हतं. संगीतावर लिहिणाऱ्यांना तरी तो पडायला हरकत नव्हती.

आपल्याकडे गळ्यासाठी विशेषणांचा तुटवडा नाही. आवाज खर्जातला, टोकदार, रुंद, पोकळ, पिळदार, मधाळ. आणखी काय काय. ट्रम्पेटसाठी एकच: खणखणीत. हिंदी चित्रपटगीतांवर मराठीत इतकं लिहून झालं, तरी मधल्या तुकड्यातल्या ट्रम्पेटबद्दल ‘सुरेख पीस’ याच्या पुढं वाक्य जात नाही. म्हणून ट्रम्पेट शिकणारा कुणीही हमखास विचारतो तो प्रश्न मला समीक्षेचा वाटतो: जुन्या जॅझसारखा आवाज हवा असेल तर माउथपीस कोणता घ्यावा? वरवर हा दुकानातला प्रश्न आहे. पण उत्तर द्यायचं तर आधी ‘जुन्या जॅझसारखा’ म्हणजे कसा, हे सांगावं लागतं, आणि तिथंच आपली विशेषणं संपतात.

माउथपीस म्हणजे चांदीचा मुलामा दिलेली पितळी वाटी आणि तिच्याखाली नळी. ओठ टेकतात ती कडा. आतली वाटी. वाटीच्या तळाशी भोक, त्याला घसा म्हणतात. मग हळूहळू रुंदावत वाद्यात शिरणारी नळी. या मोजमापांना आज जगभर जी भाषा आहे ती बरीचशी व्हिन्सेंट बाख या ऑस्ट्रियन ट्रम्पेटवाल्याची. त्यानं १९१८च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये माउथपीस बनवायला सुरुवात केली. त्याची पद्धत थोडी उलटी आहे. आकडा लहान तितकी वाटी रुंद. अक्षर ए असेल तर वाटी खोल, आणि ई-एफकडे जाल तशी उथळ. शिकाऊ ट्रम्पेटबरोबर बहुधा ‘७ सी’ येतो, त्याचा आतला व्यास १६.२० मिलिमीटर. ‘३ सी’चा १६.३०, ‘दीड सी’चा १७. म्हणजे सगळा खेळ एका मिलिमीटरच्या आत चालतो. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल, पण ओठाला केसाएवढा फरक कळतो. खिडकीत तुटलेला दात जिभेला गुहेएवढा लागतो, तसंच.

वाटीच्या खोलीनं आवाज बदलतो तो कसा, हे घरी करून पाहता येतं. माउथपीस वाद्यातून काढायचा आणि त्याच्या तोंडावर तळहात आपटायचा. ‘टक्’ असा एक सूर येतो. वाटीतली हवा जास्त असेल तर तो सूर खालचा, कमी असेल तर वरचा. वाद्य वाजत असताना त्या सुराच्या आसपासच्या स्वरांशांना माउथपीस उचलून धरतो. उथळ वाटी वरच्या स्वरांशांना बळ देते, म्हणून आवाज चकचकीत आणि धारदार होतो. खोल, नरसाळ्यासारखी वाटी खालच्यांना बळ देते. इंग्रजीत त्या आवाजाला ‘डार्क’ म्हणतात. त्याचं ‘काळोखी’ असं भाषांतर करण्यापेक्षा आपला ‘घुमारा’ हा शब्द बरा.

या हिशेबानं उत्तर सोपं दिसतं: जुना जॅझ हवा, तर खोल वाटी. माइल्स डेव्हिस आयुष्यभर ‘हाइम’ नावाच्या खोल वाटीच्या माउथपीसशी निगडित राहिला. तो त्याला सेंट लुइसच्या शिकाऊ दिवसांतच भेटला होता. आर्मस्ट्राँग मुळात कॉर्नेट वाजवणारा, आणि कॉर्नेटची वाटी परंपरेनं खोलच. तो विशीच्या मध्यावर ट्रम्पेटकडे वळला. इथपर्यंत सगळं जुळतं.

पण आपण ज्याला तो आवाज म्हणतो, तो आपण ऐकला कुठं? तबकडीवर. १९२३ साली आर्मस्ट्राँग किंग ऑलिव्हरच्या बँडबरोबर मुद्रण करत होता, तेव्हा मायक्रोफोन नव्हते. भोंग्यात वाजवायचं आणि सुई मेणावर रेघ ओढणार. त्याचा आवाज इतका मोठा की त्याला भोंग्यापासून लांब उभं केल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढं रिबन मायक्रोफोन आले, तेही वरचा चकाकता भाग थोडा खाणारे. चित्रपटाच्या पट्टीवरचा ध्वनी तर वरचे स्वरांश मुद्दाम कापूनच थिएटरात पोचायचा. आपण मायेनं ज्याला ‘ऊबदार’ म्हणतो, त्यातली निम्मी ऊब यंत्राची आहे. ती सोळा-सतरा मिलिमीटरच्या वाटीत शोधणं म्हणजे लताबाईंच्या जुन्या रेकॉर्डची खरखर गळ्यात आणायला जाण्यासारखं.

आपल्याकडची सगळ्यात चांगली केस चिक चॉकलेटची. खरं नाव आंतोनिओ झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे, जन्म १९१६चा. मुंबईत ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजायचा आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. या बिरुदानं त्याचं नुकसान केलं असं माझं मत आहे. नक्कल म्हटलं की ऐकणारा नकलेपुरतंच ऐकतो: रुमाल, खरखरीत गाणं, वरचा सूर. सी. रामचंद्र यांच्याबरोबर तो चित्रपटात आला. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) तो आणि त्याचा बँड पडद्यावरही आहेत. तिथं त्याचं काम आर्मस्ट्राँगपेक्षा वेगळं आहे. आर्मस्ट्राँगला अख्खा कोरस मिळतो, हळूहळू चढायला. चिकला दोन ओळींमधली फट मिळते. त्या फटीत शिरायचं, चाल उचलायची आणि गायिका येण्याआधी वाट मोकळी करून द्यायची. इथं कसोटी घुमाऱ्याची नाही. सूर सुरू कसा होतो आणि सोडला कसा जातो, याची आहे. आणि ही गोष्ट जिभेची आणि श्वासाची. कोणत्याही वाटीच्या तळाला ती कोरलेली नसते. पंधरा वर्षांनी ‘आखरी खत’मधल्या (१९६६) क्लबच्या गाण्यात, खय्याम यांच्या संगीतात, तोच माणूस पुन्हा पडद्यावर ट्रम्पेट घेऊन दिसतो. दोन्ही चित्रपट लागोपाठ ऐकावेत. ‘खणखणीत’ हा शब्द दुसऱ्या वेळी अपुरा पडतो. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, तो गेला. श्रेयनामावलीनं या गोवेकर वादकांना क्वचितच जागा दिली. आपल्या समीक्षेनंही तिचंच अनुकरण केलं.

आता पुन्हा बारामती-इंदापूरच्या रस्त्यावर येऊ. बँडच्या ट्रम्पेटचा आवाज चिरका असतो, ही शहरी रसिकाची नेहमीची तक्रार. ती मला पटत नाही. वरात उघड्यावर असते, भिंती नाहीत, छत नाही. घुमारा परत आणून देणारं काहीच नाही. शेजारी ढोल, ताशे, आणि आता पुढच्याच चौकात डीजेच्या भिंती. तिथं ज्याला ऐकू यायचंय त्याला वरचे स्वरांश लागतातच. शिवाय सुपारी दोन तासांची, आणि तिथी दाट असली की दिवसात दोन लग्नं. वाटी जितकी रुंद आणि खोल, तितकं ओठांवर काम जास्त. उथळ वाटीनं ओठ टिकतात. त्या आवाजामागं हिशोब आहे, आणि तो बरोबर आहे. त्याच ‘शोला जो भडके’ची चाल मांडवाबाहेर वाजते तेव्हा ती स्टुडिओतल्यासारखी वाजावी, ही अपेक्षाच चुकीच्या जागी केलेली आहे.

खरा पेच आहे तो या बँडमधल्या एखाद्या तरुणाचा, ज्यानं मोबाइलवर माइल्स ऐकला आणि ज्याला तसं वाजवायचं आहे. इंटरनेटवरचे सल्ले त्याला रुंद आणि खोल माउथपीसकडे ढकलतात. तो कित्येक सुपाऱ्यांचे पैसे घालून तसला मागवतो आणि ऐन लग्नसराईत लावतो. तिसऱ्या गाण्याला ओठ सुजतात, वरचा सूर लागत नाही, आणि मास्तर पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतो. ओठ ही गमतीची गोष्ट नाही. आर्मस्ट्राँगच्या ओठांवर कायमचे व्रण होते, आणि ओठाभोवतीचा स्नायू फाटण्याच्या वादकांच्या दुखण्याला त्याच्याच टोपणनावावरून ‘सॅचमो सिंड्रोम’ म्हणतात.

अशा मुलानं काय घ्यावं, हे सांगायचं टाळणं ही समीक्षेची जुनी सवय आहे, मी सांगतो. कडा बदलू नये. जी कडा ओठाला सवयीची आहे, तोच व्यास ठेवून वाटी फक्त एक पायरी खोल घ्यावी: ‘७ सी’ असेल तर ‘७ बी’, किंवा दोघांच्या मधला, अक्षर नसलेला नुसता ‘७’. मुलामा उडालेला, आतलं पितळ दिसणारा माउथपीस आधी बदलावा. त्यानं ओठाची कातडी चिडते आणि दोष उगाच वाटीला जातो. नवा माउथपीस ट्रम्पेटच्या नळीत नीट बसतो का, डुगडुगतो का, तेही पाहावं. सैल बसला तर सूर फाटतो आणि कुठलाही नंबर कामाला येत नाही. आणि जुना वरातीसाठी ठेवावा. खोल वाटी चातुर्मासात काढावी, जेव्हा सुपाऱ्या नसतात. खोलीत, दार लावून, हळू आवाजात, एकच सूर धरून. खोल वाटी हळू वाजवल्यावरच आपलं काम दाखवते. जोरात फुंकली की तीही चकाकू लागते.

मग ‘अलबेला’ लावावा आणि त्या फटी मोजाव्यात. किती मात्रा मिळाल्या, पहिला सूर जिभेनं कसा सुटला, शेवटचा कुठं सोडला. हे कागदावर लिहायला बसलात तर ‘खणखणीत’खेरीज चार शब्द तरी शोधावे लागतील.