बाळ हान्सचे दुखणे कोणाचे?

मनोविश्लेषणाच्या ग्रंथांत रमणारे वाचक आपल्याकडे थोडे. तरी एक रुग्णवृत्त असे आहे की ते कादंबरीच्या वाचकाने वाचावे आणि ज्यांच्या घरात लहान मूल आहे अशा माणसांनी तर अवश्य वाचावे. फ्रॉइडने १९०९ साली प्रसिद्ध केलेली, व्हिएन्नातल्या एका पाच वर्षांच्या मुलाच्या भयगंडाची ती हकीकत. मुलाला त्याने 'हान्स' हे टोपणनाव दिले. पहिल्यांदा मी ती वाचली तेव्हा फ्रॉइडच्या बुद्धीने दिपून गेलो होतो. पुढे पुन्हा वाचली तेव्हा मात्र नजर वारंवार त्या पोराकडे वळू लागली. पोर काय म्हणते आहे आणि मोठी माणसे काय ऐकत आहेत, ह्यांत मला बरेच अंतर दिसू लागले.

हकीकत थोडक्यात अशी. १९०८च्या जानेवारीत हान्स एके सकाळी रडत उठला. आई निघून गेली, आता कुशीत घेऊन लाड करायला ती नाही, असे त्याला झोपेत दिसले होते. थोड्याच दिवसांत तो रस्त्यावर जायला भिऊ लागला. घोडा चावेल, म्हणे! मग भीतीला फाटे फुटले. भरल्या गाडीचा घोडा कोसळेल, तोंडाभोवती काळे असलेला घोडा तर फारच वाईट. घरासमोर जकातीच्या कोठाराचे आवार, तिथे मालाच्या घोडागाड्यांची सारखी ये-जा. पोराने बाहेर पाऊल टाकावे तरी कसे?

हान्सचा बाप मॅक्स ग्राफ हा संगीतसमीक्षक आणि फ्रॉइडच्या घरी जमणाऱ्या मंडळींपैकी एक. भीती सुरू होण्याच्या पुष्कळ आधीपासून तो मुलाच्या बोलण्याची टिपणे करून फ्रॉइडला देत असे. आता तोच मुलाला रोज प्रश्न विचारू लागला, उत्तरे लिहून पाठवू लागला. फ्रॉइडने ह्या उपचाराच्या काळात मुलाला पाहिले ते एकदाच, ३० मार्चला. मे महिन्यापर्यंत भीती ओसरली होती.

फ्रॉइडचा निष्कर्ष सर्वांना माहीत आहे: घोडा म्हणजे बाप, आईवरच्या ओढीतून बापाचा मत्सर आणि त्या मत्सराच्या पोटी शिक्षेचे भय. वोल्पे आणि राचमन ह्या दोघांनी १९६० साली ह्यावर कडक हल्ला केला. मुलाने रस्त्यात बसगाडीचा घोडा पडलेला, पाय झाडताना खरोखरच पाहिला होता. भीतीला तेवढे कारण पुरेसे आहे, बाकीचे पुष्कळसे बापानेच त्याच्या तोंडी घातले, असा त्यांचा रोख. त्यांचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. पण ह्या भांडणात मला फारसा रस नाही. दोन्ही पक्षांना हवा आहे तो घोडा. मला त्या घराविषयी विचारायचे आहे.

त्याआधी ह्या पुस्तकाचे मोठेपण सांगितले पाहिजे. पाच वर्षांच्या मुलाचे शब्द मोठ्या माणसाच्या साक्षीइतक्या गांभीर्याने टिपून ठेवावेत, ही कल्पनाच त्या काळी विलक्षण. १९०६च्या ऑक्टोबरात हान्सला बहीण झाली, हान्ना. करकोचाने बाळ आणले, असे त्याला सांगण्यात आले. पोराने डॉक्टरची बॅग पाहिली होती, लाल पाण्याची भांडीही पाहिली होती. पुढे त्याने बापाला एक लांबलचक थाप ऐकवली. हान्ना जन्मायच्या आधीच्या उन्हाळ्यातही आपल्याबरोबर ग्मुंडेनला आली होती, पेटीत बसून! फ्रॉइडने ह्या थापेतला उपरोध बरोबर हेरला. तुम्ही मला करकोचा गिळायला लावता, तर मग माझी पेटीही गिळा. हे चांगल्या समीक्षकाचे वाचन आहे. आईबापांनी दडवून ठेवलेली गोष्टही आपल्या हाती असते तर आपण मुलाला सांगितली असती, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. मुलाशी खरे बोलावे, हा आग्रह आजही तितकाच योग्य वाटतो.

आणि तरीही ह्याच फ्रॉइडच्या, ह्याच बापाच्या हातून एक दार उघडून लगेच बंद झाले आहे. एका संवादात बाप हान्सला विचारतो, मी कधी निघून जाईन असे म्हटले आहे का? मुलगा सांगतो की तसे तू म्हणाला नाहीस, पण आई म्हणाली होती, परत येणार नाही म्हणून. हे ऐकून कोणीही जागेवर थांबला असता. बाप लागलीच सुचवतो की तू खोडी केली असशील, म्हणून म्हणाली असेल. मुलगा हो म्हणतो. संपले! जानेवारीतली ती सकाळ, आई निघून गेल्याचे ते स्वप्न आणि हे वाक्य ह्यांची गाठ कोणी घातली नाही. ती घातली जॉन बोल्बीने १९७३ साली, आईच्या वियोगाच्या भयावर लिहिताना. मुलाला बापाचे भय नव्हते असे नाही, पण आधी त्याला आई जाईल ह्याचे भय होते, हे त्याचे म्हणणे मूळ मजकुरातच उघड्यावर पडलेले आहे.

अशी आणखी एक जागा आहे. हान्ना कधी किंचाळत नाही, असे बाप म्हणतो. आई तिला उघड्यावर चापट्या मारते तेव्हा ती किंचाळते, असे हान्स सांगतो. त्यावरही मुलाच्या मत्सराचीच चर्चा होते. त्या घरात काय चालले आहे, हे विचारले जात नाही.

का विचारले जात नाही? एका माणसाने किती भूमिका घ्याव्यात, हा तो प्रश्न. बाप वैद्य झाला आहे, तोच वार्ताहर आहे आणि ज्या घराची चौकशी करायची त्या घराचा कर्ताही तोच. बाप आणि वैद्य हे दोन अधिकार एकत्र आले म्हणूनच हा उपचार शक्य झाला, असे फ्रॉइड अभिमानाने सांगतो. मला नेमकी तीच ह्या उपचाराची दुबळी बाजू वाटते. ज्याचे भय आहे असे म्हणायचे, त्याच्याचपाशी मुलाने मन मोकळे करायचे! बरे, फ्रॉइडही तिऱ्हाईत नव्हता. हान्सची आई लग्नापूर्वी त्याची रुग्ण होती. हे तो स्वतःच नमूद करतो आणि तिची बाजू सावरूनही घेतो. तिचे शब्द मात्र आपल्यापर्यंत येतात ते नवऱ्याच्या लेखणीतून. म्हणून तिला दोषी ठरवून मोकळे होणे हाही अन्यायच होईल. मुलाचे काही बिनसले की आईकडे बोट दाखवण्याची खोड मानसशास्त्राला पुढेही बराच काळ होती.

१९५०नंतर अमेरिकेत नेथन अकरमन वगैरे मंडळींनी सारे कुटुंब एका खोलीत बसवून उपचार सुरू केले. मिनुचिनचे १९७४चे पुस्तक त्याच वाटेवरचे. त्यांचे सूत्र असे की ज्या मुलाला घेऊन घर दवाखान्यात येते ते घराने रोगी म्हणून पुढे केलेले मूल असते. दुखणे अनेकदा माणसामाणसांच्या मध्ये असते. हान्सला अशा खोलीत बसवले असते तर आईला तिच्या तोंडावर विचारता आले असते, की तुम्ही जाईन म्हणालात ते कधी, आणि त्या वेळी तुमच्यावर काय गुदरत होते?

पण ही पद्धतही निर्धोक नाही. सर्वांसमोर बोललेल्या मुलाला घरी जाऊन काय भोगावे लागेल, ही जबाबदारी वैद्याची. मुलाने एकट्याने सांगितलेले आईबापांना किती सांगायचे, हे आधीच सर्वांसमक्ष ठरवावे लागते. जिवाला धोका असेल तिथे गुपित राखता येणार नाही, हेही मुलाला आधीच सांगावे लागते. आपल्याकडे तर डॉक्टर मुलाला विचारतो, उत्तर आई देते आणि आईची चूक आजी दुरुस्त करते. मूल आपले टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसलेले.

हान्सला कोणी विचारले नव्हते की तुझे हे बोलणे छापू का. त्याचे खरे नाव हर्बर्ट ग्राफ. १९२२ साली, एकोणीस वर्षांचा असताना, तो फ्रॉइडला भेटायला गेला. आईबापांचा घटस्फोट झाला होता, दोघांनी पुन्हा लग्ने केली होती. स्वतःचे रुग्णवृत्त त्याने वाचले तेव्हा ते त्याला परक्याचे वाटले. ग्मुंडेनच्या प्रवासापाशी तेवढे काहीतरी पुसट आठवल्यासारखे झाले. पुढे तो ऑपेराचा नामवंत दिग्दर्शक झाला, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये त्याने वर्षानुवर्षे काम केले. १९७३ साली तो वारला.

त्या १९२२च्या भेटीत त्याने एका गोष्टीची खंत बोलून दाखवली होती: घर मोडल्यामुळे आवडत्या धाकट्या बहिणीपासून आपली ताटातूट झाली. जिच्या मत्सरावर त्या पुस्तकाची इतकी पाने खर्ची पडली, तीच ही हान्ना. पुढे तिने आत्महत्या केली.